विखुरलेल्या आर्मेनियन वस्त्यांचे छायाचित्रण कसे करावे

बेरूतच्या बुर्ज हम्मूद भागातील एका घरात मला एक जुने छायाचित्र दाखवण्यात आले. पोस्टकार्डाएवढे, चारही कोपरे झिजलेले, मधोमध घडीची पांढरी रेघ. खुर्चीवर बसलेला एक पुरुष, शेजारी उभी त्याची पत्नी आणि पुढे दोन मुली, एवढेच त्यात होते. घरच्या आजींनी पुढची बाजू मला क्षणभर दाखवली आणि लगेच छायाचित्र उलटे केले. मागे शिसपेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचल्या: कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, छायाचित्र कोठे काढले. अक्षरे बरीचशी पुसली होती, तरी त्या कोठेही अडखळल्या नाहीत, कारण त्या ओळी त्यांना तोंडपाठ होत्या. त्या दिवशी माझ्या कॅमेऱ्यात तीनशेच्या आसपास छायाचित्रे जमली होती आणि त्यांतील दहा माणसांचीही पूर्ण नावे मला सांगता आली नसती.

आर्मेनियाची लोकसंख्या आज सुमारे ३० लाख आहे आणि त्याहून अधिक आर्मेनियन देशाबाहेर, लॉस एंजेलिसपासून कोलकात्यापर्यंत, राहतात. या वस्त्यांचे जीवन टिपायला जाणाऱ्या छायाचित्रकाराने पहिल्यापासून एक गोष्ट मनात धरावी: ज्यांचे गाव, घर आणि दफ्तर एकदाच नाहीसे झाले, त्यांच्याकडे छायाचित्र हा कागदोपत्री पुरावा असतो, आणि म्हणून चित्राच्या पाठीवर काय लिहिले जाणार हे काम चित्र काढण्याइतकेच महत्त्वाचे असते. पुढे जे लिहिले आहे ते याच दृष्टीने वाचावे.

आधी वाट ओळखावी

सर्व आर्मेनियन वस्त्या एकाच घटनेतून निर्माण झाल्या, असे समजून जाणारे अनेक जण भेटतात, आणि त्यांची छायाचित्रे तेथेच चुकतात. १६०४-०५ मध्ये इराणच्या शाह अब्बासने अरस नदीकाठच्या जुल्फा गावातील आर्मेनियनांना उठवून इस्फहानजवळ वसवले. त्या नव्या वस्तीचे नाव नोर जुघा, म्हणजे नवे जुल्फा. तेथील व्यापारी पुढे सुरत, आग्रा, चेन्नई, कोलकाता, ढाका आणि सिंगापूर असे पसरत गेले. सिंगापूरचे आर्मेनियन चर्च १८३५ चे आहे, आणि तेथील रॅफल्स हॉटेल १८८७ साली सुरू करणारे सार्कीस बंधू याच नोर जुघाच्या मुळाचे. कोलकात्यातील जुन्या आर्मेनियन घराण्याच्या छायाचित्राखाली ‘नरसंहारातून वाचलेल्यांचे वंशज’ असे लिहिणे त्यामुळे बहुतेक वेळा साफ चुकीचे ठरते.

दुसरी वाट १९१५ ची, म्हणजे ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियनांच्या नरसंहाराची. त्या वर्षी २४ एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलमधील आर्मेनियन लेखक, शिक्षक, धर्मगुरू आणि पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली, आणि पाठोपाठ अनातोलियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, गावेच्या गावे सीरियातील देर एझ-झोरच्या वाळवंटाकडे हाकलण्यात आली. त्यातून जे जगले ते अलेप्पो, बेरूत, मार्सेय, कैरो, बॉस्टन येथे पोहोचले. जेरुसलेममध्ये राहिलेल्या चाळीस आर्मेनियन अनाथ मुलांना १९२४ साली रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हेले सेलासी, यांनी इथिओपियात नेले, आणि आदिस अबाबाच्या राजदरबाराचा बँड त्या मुलांचा बनला. तिसरी वाट आपल्या डोळ्यांसमोरची आहे: १९७५ नंतर लेबनॉनमधील यादवी, १९७९ ची इराणमधील क्रांती, १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचा शेवट, २०११ नंतरचे सीरियातील युद्ध. म्हणूनच कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल शहरात एकाच रस्त्यावर बेरूतहून आलेला सोनार, तेहरानहून आलेला दंतवैद्य आणि येरेवानहून आलेला बेकरीवाला भेटतो, आणि तिघांच्या बोलीत, कॉफी करण्याच्या पद्धतीत, नाव लिहिण्यात फरक असतो. हा फरक दिसेल अशी छायाचित्रे काढावीत. तो पुसून ‘आर्मेनियन’ एवढ्या एकाच शिक्क्याखाली सर्वांना बसवणे सोपे असते, परंतु पाहणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही.

सुरुवात एकाच वस्तीपासून करावी आणि शक्यतो जवळच्या. भारतात राहणाऱ्याने कोलकात्याला जावे. बडा बाजारच्या गर्दीतून आर्मेनियन स्ट्रीटवर वळले की १७२४ साली बांधलेले होली नाझरेथ चर्च लागते. त्याच्या आवारात १६३० सालची मानली जाणारी रेझाबीबी यांची कबर आहे, आणि १८२१ साली स्थापन झालेले आर्मेनियन कॉलेज आजही चालू आहे. वस्ती फार लहान आहे, पण जिवंत आहे. चेन्नईत चित्र उलटे आहे. तेथील १७७२ चे चर्च अत्यंत निगुतीने राखलेले आहे, परंतु भाविक उरलेले नाहीत. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ १७९४ मध्ये याच शहरात काढणारे धर्मगुरू हारुत्युन श्मावोनियान यांची कबरही तेथेच आहे. मुंबईतील फोर्ट भागात १७९६ साली सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च उभे राहिले, पण त्याभोवतीची वस्ती केव्हाच ओसरली. माणसे निघून गेल्यावर काय मागे राहते हे टिपण्यासाठी चेन्नई आणि मुंबई योग्य आहेत. माणसे टिपायची असतील तर तेथे जाऊन केवळ कबरींचे दगड हाती लागतील.

ओळख आणि परवानगी

बहुतेक आर्मेनियन वस्त्यांत चार जागा असतात: चर्च, शाळा, क्लब आणि स्वयंपाकघर. आपण साहजिकच चर्चच्या दारातून आत जातो. माझा अनुभव असा की स्वयंपाकघरातून आत गेलेला माणूस अधिक लवकर घरचा होतो. चर्चच्या सभागृहामागे स्त्रिया सणासाठी चोरेग नावाचा गोड पाव वळत असतात किंवा मांती, म्हणजे सारण भरलेल्या बारीक कणकेच्या होड्या, शेकड्यांनी चिमटत असतात. तेथे पहिले दोन तास कॅमेरा पिशवीतच ठेवावा आणि हात धुऊन कामाला लागावे. आपल्याकडे लग्नघरी पापड लाटताना जशी माहिती निघते तशीच ती तेथे निघते: कोणाचे माहेर मूळचे मराशचे, कोणाचे ऐनताबचे (ही दोन्ही शहरे आता तुर्कस्तानात), आणि कोणाच्या हातची मांती सर्वांत बारीक. छायाचित्रासाठी कोणाच्या घरी जावे हेही त्या ओट्यावरच समजते.

क्लब आणि सभागृहांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. दाश्नाक, हिन्चाक आणि रामगावार हे तीन जुने पक्ष परदेशातील आर्मेनियन समाजजीवनात खोलवर रुजलेले आहेत, आणि कोणते वृत्तपत्र, कोणती शाळा, कोणता खेळाचा संघ कोणाच्या बाजूचा हे स्थानिकांना न सांगता माहीत असते. चर्चमध्येही काही वस्त्या आर्मेनियातील एच्मिआत्सिनच्या पीठाशी, तर काही लेबनॉनमधील आंतेलियासच्या पीठाशी जोडलेल्या आहेत. एकाच बाजूच्या यजमानांबरोबर आठवडाभर फिरलेल्या छायाचित्रकारासाठी दुसऱ्या बाजूची दारे हळूहळू बंद होतात. पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडे जाऊन स्वतःची ओळख करून द्यावी, आणि आपण दोघांकडेही जाणार आहोत हे उघडपणे सांगावे.

आणखी एक भान असू द्यावे. आपण ज्यांचे छायाचित्र काढणार आहोत त्यांच्याच समाजाने मध्यपूर्वेला छायाचित्रण शिकवले आहे. जेरुसलेमच्या सेंट जेम्स मठात धर्माधिकारी येसाई गाराबेदियान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छायाचित्रणाचे वर्ग चालवले. कॉन्स्टँटिनोपलचे अब्दुल्ला बंधू सुलतानाच्या दरबाराचे छायाचित्रकार होते. १९४१ मध्ये चर्चिल यांचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र घेणारे युसूफ कार्श मार्दिनमध्ये जन्मलेले आर्मेनियन, आणि आयुष्यभर इस्तंबूल टिपणारे आरा ग्युलेर हेही आर्मेनियन. त्यामुळे समोर बसलेल्या आजोबांना प्रकाश कोठून यावा हे आपल्यापेक्षा अधिक कळत असण्याची बरीच शक्यता असते. त्यांना कसे बसायचे आहे, कोणते कपडे घालायचे आहेत, हातात काय धरायचे आहे हे त्यांनाच ठरवू द्यावे. नकळत काढलेले चित्रच खरे, असा आग्रह या कामात धरू नये. कोट घालून, केस विंचरून, ताठ बसून काढलेले छायाचित्र हीही त्यांचीच परंपरा आहे.

चर्चमधील काम

उपकरणे थोडी असावीत. एक कॅमेरा, ३५ आणि ५० मिलिमीटरची दोन भिंगे आणि आवाज न करणारा शटर एवढ्यावर बहुतेक सर्व काम होते. जुनी आर्मेनियन चर्चे जाड दगडी भिंतींची आणि लहान खिडक्यांची असतात. त्यामुळे एफ २ च्या आसपास छिद्र, सेकंदाचा १२५ वा भाग आणि ३२०० किंवा ६४०० आयएसओ या हिशेबाने सुरुवात करावी, आणि फ्लॅश घरीच ठेवावा. मेणबत्त्या बहुधा वाळूच्या उथळ तबकात रोवतात. त्या तबकाशेजारी थोडा वेळ थांबल्यास एकामागून एक चेहरे त्याच उजेडात येतात, आणि मागून येणारी मुले आपली मेणबत्ती दुसऱ्याच्या ज्योतीवर लावताना दिसतात. मोजणी ज्योतीवर न करता गालावर करावी, नाहीतर चेहरा काळा पडतो.

आर्मेनियन उपासनेला पश्चिमी उच्चाराप्रमाणे बादाराक म्हणतात. तिच्यात वेदीसमोर एक मोठा पडदा असतो आणि उपासनेच्या ठराविक क्षणी तो ओढला जातो. पडदा बंद झाला की कॅमेराही खाली घ्यावा. ईस्टरपूर्वीच्या महाउपवासात तर हा पडदा जवळजवळ संपूर्ण काळ बंदच असतो. हे माहीत नसल्यामुळे एकदा मी नेमका त्याच दिवसांत जाऊन पोहोचलो आणि वेदीचे एकही चित्र न घेता परतलो. उपासनेत पुढे एक क्षण असा येतो की शांतीचे अभिवादन वेदीपासून सुरू होऊन एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, एका माणसाकडून शेजारच्याकडे, असे मागपर्यंत जाते. त्यासाठी आधीच बाजूच्या भिंतीशी जाऊन उभे राहावे. एकमेकांकडे झुकलेली दोन डोकी आणि त्यांच्या मागे आपली पाळी येण्याची वाट पाहणारे मूल, असे दृश्य तेथे हमखास मिळते.

दिनदर्शिका पाहूनच प्रवास ठरवावा. आर्मेनियन चर्चचा नाताळ ६ जानेवारीला असतो, पण जेरुसलेममध्ये जुन्या पंचांगाप्रमाणे तो १९ जानेवारीला येतो, म्हणजे एकाच वर्षी कोलकाता आणि जेरुसलेम दोन्ही साधता येतात. ऑगस्टच्या मध्यास मरियमेच्या सणाला द्राक्षांना आशीर्वाद दिला जातो आणि ती घरोघर वाटली जातात. तुर्कस्तानात उरलेल्या एकमेव आर्मेनियन गावात, हाताय प्रांतातील वाकिफ्ली येथे, हा सण पाहण्यासारखा असतो.

एका रात्रीचे काम: आंजारची हरिसा

एकच प्रसंग रात्रभर टिपायचा असेल तर मी लेबनॉनमधील आंजार सुचवीन. १९१५ मध्ये मूसा दाघ डोंगरावरील गावकऱ्यांनी शस्त्रे हाती घेऊन प्रतिकार केला, आणि अखेर फ्रेंच युद्धनौकांनी ४,००० हून अधिक लोकांना वाचवले. पुढे ते आपल्या गावी परतले, परंतु १९३९ मध्ये तो प्रदेश तुर्कस्तानकडे गेल्यावर बहुतेकांनी पुन्हा गाव सोडले आणि बेका खोऱ्यात आंजार वसवले. आंजारचे सहा मोहल्ले आजही मूसा दाघवरील सहा गावांच्या नावाने ओळखले जातात. सप्टेंबरमध्ये क्रुसाच्या सणाच्या आदल्या रात्री मोठमोठ्या हंड्यांत गहू आणि मांस एकत्र शिजत ठेवतात; हीच हरिसा. आपल्याकडील हलीम किंवा खिचडा खाल्लेल्याला हा पदार्थ ओळखीचा वाटेल. लाकडी दांडक्यांनी तो रात्रभर घोटला जातो, ढोल आणि सनई वाजत राहतात, आणि सकाळी आशीर्वादानंतर सर्वांना वाढला जातो.

येथे रंगतापमान आपोआप ठरू देऊ नये. ते ३२०० केल्व्हिनच्या आसपास कायम ठेवावे, म्हणजे आगीचा पिवळेपणा पहिल्यापासून शेवटच्या चित्रापर्यंत एकसारखा राहतो. वाफ समोरून दिसत नाही. हंड्याच्या पलीकडे दिवा किंवा आग असेल अशा बाजूला उभे राहिले की ती पांढऱ्या भिंतीसारखी उभी राहते, आणि घोटणाऱ्याचे खांदे तिच्यातून बाहेर येतात. मध्यरात्रीपर्यंत नाच असतो आणि छायाचित्रकारांची गर्दीही तेव्हाच असते. खरे काम पहाटे तीननंतरचे आहे. तेव्हा पाहुणे पांगलेले असतात, म्हातारे खुर्च्या ओढून विस्तवाजवळ बसतात, आणि दांडके एका दमलेल्या हातातून दुसऱ्या, बहुधा नातवाच्या, हातात जाते. तो बदल टिपण्यासाठी जागे राहावे. वडिलांच्या हाताची पकड आणि मुलाच्या हाताची पकड या दोन्ही एकाच चौकटीत याव्यात, इतके जवळ जावे.

२४ एप्रिल आणि दुःखाचा प्रश्न

२४ एप्रिलला येरेवानपासून लॉस एंजेलिसपर्यंत लोक रस्त्यावर येतात, आणि २०१५ मध्ये चर्चने १९१५ च्या बळींना संतपद दिल्यापासून त्या दिवसाची उपासनाही हुतात्म्यांचे स्मरण म्हणून होते. मोर्चात झेंडे, फलक आणि जांभळी फुले सहज मिळतात, आणि सहज मिळतात म्हणूनच ती दरवर्षी सारखी दिसतात. माझे मत असे की त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरी आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जावे. आजी नातीला कोणत्या शब्दांत सांगते, कोणत्या वाक्यापाशी थांबते, हे घरीच दिसते. रडणाऱ्या चेहऱ्यावर भिंग रोखण्यापूर्वी हे चित्र त्या माणसाला स्वतःच्या भिंतीवर लावावेसे वाटेल का, असा विचार करावा. उत्तर नाही असे आल्यास कॅमेरा उचलू नये.

केवळ दुःखाची चित्रे घेऊन परतलेला छायाचित्रकार समाजाचे मोठे काम पाहायचे सोडून येतो. ते काम म्हणजे शनिवारची शाळा. युनेस्कोने २०१० मध्ये पश्चिम आर्मेनियन, म्हणजे अनातोलियातून आलेल्यांच्या, भाषेची नोंद धोक्यात आलेली भाषा म्हणून केली. आठवडाभर इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणारी मुले शनिवारी सकाळी झोपाळू डोळ्यांनी येऊन, मेस्रोप माश्तोत्स यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी घडवलेली लिपी गिरवतात. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी मराठी शाळा चालवणाऱ्यांना हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. येथे कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, पालकांची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि फळ्यावरील अक्षर वाचता येईल इतके स्पष्ट ठेवावे, कारण वाचणाऱ्याला ते अक्षर हाच विषयाचा गाभा आहे.

कोणाला धोका होऊ नये

इस्तंबूलमध्ये १९ जानेवारी २००७ रोजी ‘आगोस’ या साप्ताहिकाचे संपादक ह्रांत दिंक यांची त्यांच्या कार्यालयासमोर हत्या झाली. तेथे घराचा क्रमांक, शाळेची पाटी, गाडीची नंबरपट्टी चौकटीत येऊ देऊ नये, आणि नाव छापायचे की नाही हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे. इराणमधील आर्मेनियन क्लबांच्या आत स्त्रिया डोके न झाकता वावरतात. ते दृश्य कितीही सुंदर असले तरी ओळखू येणारे चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. छायाचित्रांच्या फाइलमध्ये आपोआप नोंदले जाणारे स्थान प्रसिद्धीपूर्वी काढून टाकावे. परवानगी एकदा मिळाली म्हणजे ती कायमची, असेही समजू नये. युद्ध किंवा निवडणुकीनंतर तोच माणूस नकार देऊ शकतो, आणि तो नकार पाळावा.

पाठीवरचा मजकूर

आता पुन्हा त्या शिसपेन्सिलीच्या ओळींकडे. दररोज रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशीच्या चित्रांची नोंद पूर्ण करावी, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. माणसाचे नाव तो स्वतः लिहितो तसेच लिहावे. पूर्व आर्मेनियनमध्ये, म्हणजे आर्मेनिया आणि इराणकडील भाषेत, जो ग्रिगोर तो पश्चिम आर्मेनियनमध्ये क्रिकोर, जो हाकोब तो हागोप, आणि कारापेत तो गाराबेद. आपण शुद्धलेखन समजून त्यात दुरुस्ती केली, तर घराणे कोठून आले याची खूणच पुसून जाते. नावापाठोपाठ आजोबांचे गाव विचारावे. बुर्ज हम्मूदमध्ये नोर मराश, नोर अदाना, नोर सीस असे मोहल्ले आहेत, म्हणजे हरवलेल्या शहरांच्या नावाआधी ‘नवे’ हा शब्द जोडला आहे. ‘कोठले?’ असे विचारले की तेथे तिसऱ्या पिढीतील मूलही बेरूत न सांगता मराश सांगते. दोन्ही उत्तरे लिहून घ्यावीत.

घरातील जुन्या छायाचित्रांचीही नक्कल करून द्यावी. खिडकीच्या मऊ उजेडात, काच काढून, कॅमेरा चित्राला समांतर धरून पुढची बाजू घ्यावी आणि लगेच पाठही घ्यावी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘प्रोजेक्ट सेव्ह’ नावाचा संग्रह १९७५ पासून आर्मेनियन घरांतील छायाचित्रे अशीच, माणसांची माहिती विचारून घेऊन, जतन करत आला आहे. त्यांची रीत साधी आहे: चित्र देणाऱ्यासमोर बसावे आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारावे. हे करताना ध्वनिमुद्रण चालू ठेवावे, कारण उच्चार कागदावर नीट उतरत नाहीत.

शेवटी प्रती. संगणकावरील दुवा पाठवून हे काम उरकू नये. चांगल्या कागदावर छापलेली प्रत प्रत्येक घरी पोहोचवावी, आणि प्रवासाच्या अंदाजपत्रकात तिचा खर्च भिंगांच्या आधी धरावा. बुर्ज हम्मूदच्या त्या घरी मी वर्षभराने प्रत घेऊन गेलो, तेव्हा पाठीवर नावे मराठी वळणाच्या रोमन अक्षरांत मीच लिहिली होती. आजींनी ती वाचली, ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, माझ्या ओळींखाली थोडी जागा सोडली आणि आर्मेनियन अक्षरांत पुन्हा चार ओळी लिहिल्या. तेव्हापासून मी पाठ कोरीच ठेवतो आणि प्रतीबरोबर एक पेन्सिल देतो.